प्रोग्रॅमिंगचं पुस्तक कसं निवडावं: आवृत्तीच्या पानापासून तिसऱ्या प्रकरणापर्यंत

टर्बो सीच्या काळातल्या पुस्तकांत एक उदाहरण बऱ्याचदा सापडतं. पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये ३२७६७ ठेवायचे, त्यात १ मिळवायचा आणि उत्तर छापायचं. पुस्तकातलं आउटपुट असतं उणे ३२७६८. आज तोच प्रोग्रॅम आपल्या लॅपटॉपवर चालवला तर उत्तर येतं ३२७६८. नव्याने शिकणारी मुलगी मग स्वतःची चूक शोधत बसते. अर्धविराम तपासते, कंस मोजते, पुन्हा टाइप करते. चूक तिची नसतेच. टर्बो सी हा १६ बिटांचा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणारा प्रोग्रॅम) होता आणि त्यात पूर्णांकाला २ बाइट मिळायचे, म्हणून ३२७६७ च्या पुढे आकडा मावायचा नाही. आज लॅपटॉपवर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरमध्ये ४ बाइट मिळतात. पुस्तक त्याच्या काळात बरोबर होतं, पण तिच्या हातात ते चुकीच्या वेळी पडलं.

अशा दोन-तीन संध्याकाळी गेल्या की अनेक जण ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं ठरवून मोकळे होतात. म्हणून पुस्तक निवडण्यावर आधी दोन तास घालवणं आवश्यक आहे. प्रोग्रॅमिंगचं पुस्तक नुसतं चाळून पारखता येत नाही, त्यातलं एक प्रकरण आपल्या मशीनवर चालवून बघावं लागतं.

आधी एक वाक्य लिहा

‘कोडिंगसाठी चांगलं पुस्तक सांगा’ या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येत नाही. कागदावर हे वाक्य पूर्ण करा: ‘तीन महिन्यांनी मला अमुक बनवता आलं पाहिजे.’ अमुकच्या जागी ठोस वस्तू हवी. किराणा दुकानाच्या उधारीचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम, मोबाइलवर नीट दिसणारी सोसायटीची तीन पानी वेबसाइट, दोनशे एक्सेल फायलींतून एक रकाना उचलून एकत्र करणारं स्क्रिप्ट, असं काहीतरी. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या कामासाठी पायथन घ्यावं, दुसऱ्यासाठी एचटीएमएल आणि सीएसएस. हे वाक्य पूर्ण होत नसेल तर अजून पुस्तक घेऊ नका.

ज्यांचं वाक्य ‘या सत्रात पेपर सुटला पाहिजे’ असं आहे, त्यांनी एमएसबीटीई (महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ) किंवा आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम काढलेलं पुस्तक निःसंकोच घ्यावं. व्याख्या, फरक सांगा, चार गुणांचे प्रश्न यांसाठी ते उपयोगी पडतं. फक्त त्यावरून कोड लिहायला शिकू अशी अपेक्षा ठेवू नये. शिकायचं पुस्तक वेगळं असतं आणि दोन्ही जवळ ठेवण्यात काही गैर नाही.

कोणतं पुस्तक किती वर्षं टिकतं

पैसे कुठे घालायचे हे यावरून ठरतं. संगणकाच्या पुस्तकांचे ढोबळ तीन थर आहेत.

सगळ्यात खाली पाया असतो: अल्गोरिदम, डेटा स्ट्रक्चर, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), नेटवर्क कसं चालतं, सी भाषेतली मेमरी. इथलं चांगलं पुस्तक पंधरा-वीस वर्षं कामाला येतं. एसक्यूएलचं पहिलं प्रमाणीकरण १९८६ मधलं आहे आणि सिलेक्ट, व्हेअर, जॉइन यांचा गाभा आजही तोच आहे. अशी पुस्तकं विकत घ्यावीत, जुनी मिळाली तरी घ्यावीत.

मधला थर भाषेचा. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरात येते, जावास्क्रिप्टचं प्रमाणही २०१५ पासून दर वर्षी सुधारलं जातं. म्हणून दर वर्षी नवं पुस्तक घ्यायचं असं नाही. पायथन ३.८ वर लिहिलेलं नवशिक्यांचं पुस्तक आजच्या पायथनवर जवळपास जसंच्या तसं चालतं. चार-पाच वर्षांपर्यंतचं पुस्तक डोळे झाकून चालेल, त्यापुढचं तपासून घ्यावं.

सगळ्यात वरचा थर फ्रेमवर्कचा, म्हणजे ज्यावर आपला प्रोग्रॅम उभा करायचा अशा तयार सांगाड्यांचा: रिॲक्ट, अँग्युलर, जँगो, लाराव्हेल वगैरे. इथलं छापील पुस्तक दोन वर्षांत शिळं होतं. अँग्युलरजेएसवर जाडजूड पुस्तकं निघाली. २०१६ मध्ये अँग्युलर २ पूर्णपणे वेगळ्या रचनेचं आलं आणि जुन्याला मिळणारा अधिकृत आधार २०२१ अखेर संपला. फ्रेमवर्क त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या मार्गदर्शिकेवरून शिकावं. त्यावर पुस्तक घ्यायचंच असेल तर ग्रंथालयातून आणा.

आवृत्ती वेगळी, पुनर्मुद्रण वेगळं

शीर्षकपान उलटा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळा इतिहास असतो. तिथे समजा लिहिलंय: ‘दुसरी आवृत्ती २०१२, पुनर्मुद्रण २०१६, २०१९, २०२३.’ विक्रेता तुम्हाला २०२३ दाखवेल. तुम्ही २०१२ बघा. पुनर्मुद्रण म्हणजे तीच पानं पुन्हा छापली, त्यात फार तर छपाईच्या चुका दुरुस्त केलेल्या असतात. मजकूर बदलतो तो नव्या आवृत्तीत.

ऑनलाइन खरेदीत हीच गफलत जास्त होते, कारण दोन आवृत्त्यांची माहिती आणि वाचकांचे अभिप्राय अनेकदा एकाच पानावर मिसळलेले असतात. मुखपृष्ठ नव्याचं आणि पाकिटात जुनं, असा प्रकार होतो. उपाय सोपा आहे. प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून हव्या त्या आवृत्तीचा १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टिपून घ्या आणि विक्रेत्याच्या पानावरच्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत ताडून बघा. नव्या आवृत्तीला नवा आयएसबीएन मिळतो, पुनर्मुद्रणाला जुनाच राहतो.

जुनेपणाच्या खुणा

पुस्तकातली काही मोजकी पानं बघितली की वय कळतं.

सी आणि सी प्लस प्लस: प्रत्येक प्रोग्रॅम ‘व्हॉइड मेन’ने सुरू होतो, वर ‘कोनिओ डॉट एच’ असते आणि आत पडदा पुसायची व ‘गेट सीएच’ची ओळ असते, तर ते टर्बो सीसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. लिनक्सवर ती हेडर फाइलच सापडत नाही. विंडोजवर मिनजीडब्ल्यू हा कंपायलर वापरलात तर फाइल सापडते, ‘गेट सीएच’ही चालतं, पण पडदा पुसणारं फंक्शन तिथे नसल्याने प्रोग्रॅम तयारच होत नाही. नवशिक्याला हा अर्धवट जमणारा प्रकार सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. सी प्लस प्लसमध्ये ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ अशी शेपटीवाली फाइल दिसली तर पुस्तक १९९८ च्या प्रमाणाआधीच्या वळणाचं आहे, परत ठेवा.

सीच्या पुस्तकात आणखी एक खूण आहे आणि ती नुसत्या वयाची नाही, लेखकाच्या समजेची आहे. ‘आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय’ अशा एकाच ओळीत एकच व्हेरिएबल दोनदा बदलणाऱ्या कोड्यांचं ‘आउटपुट सांगा’ म्हणून पक्कं उत्तर दिलेलं असेल, तर सावध व्हा. सीच्या प्रमाणात अशा ओळीचं वर्तन ठरवूनच दिलेलं नाही, प्रत्येक कंपायलर वेगळं उत्तर देऊ शकतो. हे न सांगता उत्तर छापणाऱ्या पुस्तकावर बाकीच्या बाबतीतही विश्वास ठेवता येत नाही.

पायथन: ‘प्रिंट’नंतर कंस नाहीत म्हणजे पायथन २. त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. प्रिंटची चूक निदान लगेच दिसते, मशीन कंस विसरल्याचं सांगतं. खरा धोका भागाकाराचा आहे. ७ भागिले २ चं उत्तर पायथन २ मध्ये ३ यायचं, आता ३.५ येतं. एरर येत नाही, फक्त पुस्तकातलं आणि तुमचं उत्तर जुळत नाही.

एचटीएमएल, सीएसएस: शब्दसूचीत ‘फ्लेक्सबॉक्स’ आणि ‘ग्रिड’ शोधा. सीएसएस ग्रिड मोठ्या ब्राउझरांत २०१७ मध्ये आलं. पानाची मांडणी ‘फ्लोट’ने किंवा टेबलच्या चौकटीत शिकवलेली असेल तर मोबाइलवर नीट दिसणारी साइट त्यावरून बनवणं अवघड जाईल. ‘फॉन्ट’ आणि ‘सेंटर’ हे टॅग शिकवणारं पुस्तक फुकट मिळालं तरी नको.

जावास्क्रिप्ट: ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ पहिल्या दोन प्रकरणांत आले पाहिजेत, ते २०१५ पासूनचे. ‘असिंक–अवेट’ २०१७ चं, तेही हवं. सगळीकडे ‘व्हार’ आणि ‘डॉक्युमेंट डॉट राइट’ असेल तर पुस्तक दहा वर्षांहून जुन्या पद्धतीचं आहे.

पीएचपी (सर्व्हरवर चालणारी वेबची भाषा): इथे जुनं पुस्तक नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. डेटाबेसला जोडणारी ‘मायएसक्यूएल’ने सुरू होणारी जुनी फंक्शन्स २०१५ अखेर आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली, म्हणून ती चालणारच नाहीत. पण फॉर्ममधून आलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या ओळीला चिकटवायची आणि पासवर्ड ‘एमडी५’ या जुन्या, कमकुवत पद्धतीने साठवायची सवय त्या पुस्तकातून लागते आणि तसा कोड आजही बिनतक्रार चालतो. अशी साइट फोडायला फार हुशारी लागत नाही. शब्दसूचीत ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ आणि ‘पासवर्ड हॅश’ हे दोन शब्द सापडले नाहीत तर पुस्तक घेऊ नका.

रिॲक्ट: ‘हुक’ २०१९ पासून आहेत. प्रकल्पाची सुरुवात ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ने करायला सांगितली असेल तर तेही मागे पडलंय, रिॲक्टच्या चमूने २०२५ मध्ये ते वापरू नका असं जाहीर केलं.

दुकानातली दहा मिनिटं

लूपचं, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडचं, प्रकरण उघडा. पुस्तक शिकवतं की नुसतं सांगतं, हे इथे दिसतं.

एका प्रकारच्या पुस्तकात व्याख्या, मग सिंटॅक्स, मग बाणांची आकृती, मग प्रोग्रॅम, मग आउटपुट आणि लगेच पुढचा मुद्दा असतो. सगळं बरोबर असतं, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात लूप एकदाही फिरत नाही.

दुसऱ्या प्रकारचं पुस्तक चार ओळींचा लूप देतं आणि खाली तक्ता आखतं: पहिल्या फेरीत ‘आय’ किती, बेरीज किती, अट खरी की खोटी, दुसऱ्या फेरीत किती, आणि शेवटी अट कुठे खोटी ठरली. मग विचारतं, ‘५ च्या जागी ० लिहिलं तर किती फेऱ्या होतील? अटीतलं “पेक्षा लहान” बदलून “लहान किंवा समान” केलं तर?’ एकाने फरक पडण्याची ही चूक सगळ्यांकडून होते आणि हे पुस्तक ती तुमच्याकडून मुद्दाम करवून घेतं. हेच घ्या.

आता प्रकरणाच्या शेवटी जा. स्वाध्यायात ‘व्याख्या लिहा’ आहे की ‘प्रोग्रॅम लिहा’? आठ-दहा लिहायचे प्रश्न हवेत आणि निदान काहींची उत्तरं पुस्तकात किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर हवीत. एकटं शिकणाऱ्याला उत्तरं नसलेला स्वाध्याय फार दमवतो. मग शब्दसूचीत ‘डीबगिंग’ किंवा ‘एरर’ शोधा. पाचशे पानांत चुका कशा शोधायच्या यावर एकही पान नसेल, तर प्रत्यक्ष कामातला मोठा भाग लेखकाने वगळलाय.

जाडी बघून प्रभावित होऊ नका. हजार पानी ‘संपूर्ण’ पुस्तक संदर्भासाठी असतं. पहिल्या पुस्तकाला तीनशे ते चारशे पानं पुरतात.

घरी: तिसऱ्या प्रकरणाची चाचणी

पहिलं प्रकरण बहुधा प्रस्तावना आणि इन्स्टॉलेशनचं असतं, दुसरं सोप्या ओळखीचं. खरी शिकवण तिसऱ्यापासून सुरू होते, म्हणून चाचणी त्याचीच घ्यायची. प्रत ग्रंथालयातून आणा, नाहीतर प्रकाशकाने नमुना म्हणून ठेवलेलं प्रकरण उतरवा.

१. इन्स्टॉलेशन पुस्तकावरून करू नका, भाषेच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. पुस्तकातलं हे पान सगळ्यात आधी शिळं होतं. विंडोजवर जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरने पायथन टाकताना ‘पाथमध्ये जोडा’ या चौकोनात खूण करायची राहिली तर ‘पायथन’ ही आज्ञा ओळखली जात नाही, किंवा थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. बरेच जण इथेच अडकून पुस्तकाला दोष देतात.

२. त्या प्रकरणातली पाच उदाहरणं हाताने टाइप करा. पीडीएफमधून चिकटवू नका. छपाईतली वळणदार अवतरणचिन्हं सोबत येतात आणि पायथन ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणतं, शिवाय ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा विस्कटते आणि पायथनमध्ये त्या जागेलाच अर्थ असतो.

३. उदाहरण चाललं नाही तर आधी पुस्तकाचं शुद्धिपत्र बघा. चांगले प्रकाशक ते संकेतस्थळावर ठेवतात आणि उदाहरणांचा कोडही देतात. शुद्धिपत्र असणं हा दोष नाही, उलट पुस्तकाची काळजी घेणारं कुणीतरी आहे याची ती खूण आहे.

४. प्रत्येक उदाहरणात एक गोष्ट बदला. काय होईल ते आधी वहीत लिहा, मग चालवा.

५. स्वाध्यायातले दोन प्रश्न सोडवा. न शिकवलेली गोष्ट लागत असेल तर पुस्तकाचा क्रम बिघडलेला आहे.

तुमची चूक नसताना पाचपैकी दोन उदाहरणं अडली तर पुस्तक परत करा. पाचही चालली पण प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून एकही उदाहरण पुन्हा लिहिता आलं नाही, तर पुस्तक बरं आहे, वेग जास्त झाला. तेच प्रकरण परवा पुन्हा करा.

मराठी की इंग्रजी

मराठी माध्यमातून आलेल्यांना हा प्रश्न छळतो आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. संकल्पना मराठीत समजून घ्याव्यात, त्या जास्त पक्क्या बसतात. मात्र मशीन एरर इंग्रजीतच देतं, म्हणून ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ आणि ‘लूप’ला ‘आवर्तन’ असं प्रत्येक शब्दाचं भाषांतर करणारं पुस्तक पुढे अडचणीचं ठरतं. वाक्य मराठी आणि संज्ञा जशीच्या तशी, असं पुस्तक बघा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात प्रोग्रॅमिंगचे अनेक धडे मराठी आवाजातही आहेत. इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण वाचण्याआधी तोच विषय तिथे ऐकून घेतला की निम्मं ओझं उतरतं.

इंग्रजी पुस्तक घ्यायचं तर छोट्या वाक्यांचं घ्या. कोणत्याही पानावर पंधरा ओळी वाचा. सहाहून जास्त शब्दांना अडलात तर दुसरं बघा. अडलेले शब्द आणि दिसलेले एरर संदेश यांसाठी एक वही करा: डावीकडे संदेश, उजवीकडे तो कशामुळे आला ते मराठीत. तीनेक महिन्यांनी ही वही पुस्तकापेक्षा जास्त उघडली जाते.

काही नावं

पायथनपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी ‘थिंक पायथन’ची तिसरी आवृत्ती (२०२४) आणि ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन’ ही दोन्ही पुस्तकं लेखकांनीच इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवली आहेत. पहिल्यात प्रकरणांच्या शेवटी डीबगिंगवर टिपण आणि संज्ञांची यादी असते. दुसरं एक्सेल, पीडीएफ, फायली यांच्या कामाला थेट लावतं, त्यामुळे नोकरदारांना ते जवळचं वाटतं. जावास्क्रिप्टसाठी ‘एलोक्वंट जावास्क्रिप्ट’ची चौथी आवृत्ती (२०२४) मोफत आहे आणि कोड पानावरच चालवता येतो. मात्र चौथ्या-पाचव्या प्रकरणापासून चढ लागतो, म्हणून ते पहिलं नको, दुसरं पुस्तक म्हणून ठेवा. सीसाठी कर्निहन आणि रिची यांचं १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक आजही वाचण्यासारखं आहे, पण ते प्रोग्रॅमिंगची थोडी ओळख असलेल्यांसाठी लिहिलंय. त्यात ‘मेन’च्या आधी प्रकार लिहिलेला नसतो. जीसीसी या मोफत कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून तेवढ्यावरही एरर येतो, म्हणून तिथे ‘इंट’ घालून टाइप करा.

वेबसाठी क्रम असा ठेवा: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन), मग सर्व्हरची एक भाषा आणि एसक्यूएल, आणि सगळ्यात शेवटी फ्रेमवर्क. एचटीएमएलवर वेगळं पुस्तक विकत घेण्याची गरज नाही, मोझिलाचं एमडीएन हे मोफत संकेतस्थळ पुरेसं आहे. पैसे जावास्क्रिप्ट आणि एसक्यूएलवर घाला.

कुठून घ्यायचं

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत माटुंग्याचं किंग्ज सर्कल, इथे वापरलेली तांत्रिक पुस्तकं मिळतात. पायाची पुस्तकं तिथून घ्या, फ्रेमवर्कची नाही. परदेशी पुस्तकांच्या भारतापुरत्या स्वस्त आवृत्त्यांत मजकूर पूर्ण असतो, पण छपाई बहुधा काळीपांढरी असते. पायथनला त्याने फरक पडत नाही. सीएसएसच्या पुस्तकात मात्र रंग दाखवणारी आकृती करडी झाली की तिचा उपयोग संपतो. पदपथावरच्या छायाप्रतींपासून दूर राहा. लेखकाचं नुकसान आहेच, शिवाय पुसट छपाईत पूर्णविराम आणि स्वल्पविराम ओळखू येत नाहीत आणि एका टिंबामुळे प्रोग्रॅम अडतो.

वेळेचा हिशेब

कोड टाइप करत आणि स्वाध्याय सोडवत वाचलं तर तासाला चार-पाच पानं होतात. रोज एक तास धरला तर ३५० पानांना ७० ते ८८ दिवस लागतात. म्हणून एका वेळी एकच पुस्तक. सलग दोन आठवडे पान उलटलं नाही तर आधी मागची दोन प्रकरणं पुन्हा करा. त्यानंतरही अडलं तर पुस्तक बदला, भाषा बदलू नका.

पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तीन गोष्टी लिहून ठेवा: भाषेची कोणती आवृत्ती वापरली, कोणत्या महिन्यात, आणि कोणत्या पानावरचं उदाहरण काय बदलल्यावर चाललं. प्रत ग्रंथालयाची असेल तर हेच एका चिठ्ठीवर लिहून मलपृष्ठाच्या आत ठेवा.